आंबा गेला कुठे आणि एवढी लवंग आली कुठून? घरच्या बिअरमध्ये फळं आणि मसाले

विचारणा थोडक्यात अशी आहे. २० लिटर गव्हाची बिअर केली, यीस्टही गव्हाच्या बिअरचंच वापरलं. यीस्ट घातलं त्याच दिवशी १ किलो आंब्याचा गर घातला. मोसमी मसाल्याची बिअर करायची म्हणून वॉर्ट (यीस्ट घालण्याआधीचं माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी) उकळताना दालचिनीचे चार तुकडे आणि दहा-बारा लवंगाही टाकल्या. दहा दिवसांनी चाखली तर आंब्याचा पत्ता नाही. म्हणून आणखी १ किलो गर ओतला आणि दुसऱ्याच दिवशी नेहमीइतकी साखर घालून बाटल्या भरल्या. आता बाटली उघडली की अर्धी बिअर फेसाबरोबर बाहेर, उरलेलीला दातदुखीच्या औषधाचा वास, आणि आंबा अजूनही नाहीच. चुकलं कुठे, आणि पुढच्या वेळी फळ आणि मसाला दोन्ही नीट कसे उतरवायचे?

आधी बाटल्यांचं बघा, बाकीचं सावकाश वाचा. सगळ्या बाटल्या आत्ताच फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. थंडीत यीस्ट मंदावतं आणि वायू बिअरमध्ये जास्त विरघळतो, त्यामुळे आतला दाब उतरतो. उचलताना डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे आणि बाटलीभोवती टॉवेल हवाच. दोन दिवस पूर्ण गार झाल्यावर एकेक झाकण किंचित उचकटून वायू सोडा आणि नवीन झाकण लावा. फ्रिजमध्ये मावत नसतील त्या बंद पेटीत, कोणाची ये-जा नसलेल्या जागी ठेवा आणि जसजशी जागा होईल तशा गार करा. एखादी बाटली फुटलेली दिसली तर बाकीच्या वाचवण्याच्या फंदात पडू नका. काचेपुढे २० लिटर बिअरची काही किंमत नाही.

हे असं का झालं, त्याचा हिशेब सोपा आहे आणि तो एकदा डोक्यात बसला की जन्मभर पुरतो. बिअरमधला वायू व्हॉल्यूममध्ये मोजतात. १ लिटर बिअरमध्ये १ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळला, की १ व्हॉल्यूम. लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की १ व्हॉल्यूम वायू तयार होतो. आंबवण संपलेल्या बिअरमध्ये २० अंश सेल्सिअसला सुमारे ०.८५ व्हॉल्यूम आधीच असतो. त्यात बाटलीची नेहमीची ६ ग्रॅम साखर धरली की २.३ ते २.४ होतात, म्हणजे छान फसफसणारी बिअर. आता तुमचा दुसरा किलो घ्या. पिकलेल्या आंब्याच्या गरात १५ टक्क्यांच्या आसपास साखर असते, म्हणजे १५० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे साडेसात ग्रॅम. त्यातली थोडी एका दिवसात आंबली असेल, पण बहुतेक बाटलीत गेली. बेरीज ४ व्हॉल्यूमच्या घरात जाते. साध्या बिअरच्या बाटलीला मी ३ च्या पुढे नेत नाही. बाटल्या फुटल्या नाहीत हे नशीब म्हणायचं.

आता आंबा. तो गेला कुठेच नाही, फक्त त्याला ओळखायची खूण गेली. तोंडाला जे फळ म्हणून कळतं ते तीन गोष्टींचं एकत्र येणं असतं: गोडी, आंबटपणा आणि सुगंध. यीस्ट यातली गोडी संपूर्ण खाऊन टाकतं. माल्टमधल्या साखरेचा काही भाग यीस्टला पचत नाही, तो मागे राहतो आणि बिअरला अंग देतो. फळातल्या ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोजचं तसं नाही, त्यातलं काहीही उरत नाही. मागे राहतो आंबटपणा आणि सुगंध. रासबेरीत दोन्ही भरपूर, म्हणून ती बिअरमध्ये लगेच ओळखू येते. पिकलेल्या आंब्यात आंबटपणा कमी, सुगंधाची मदार मोठ्या प्रमाणावर गोडीवर. गोडी काढून घेतली की जे राहतं त्याला डोळे मिटून कोणी आंबा म्हणणार नाही. पीच, केळं, नासपती, कलिंगड यांचंही असंच. म्हणून फळाची बिअर करताना फळ किती घालायचं हा दुसरा प्रश्न. यीस्टने नेलेलं परत कसं उभं करायचं, हा पहिला.

फळ घातल्याने बिअर कडक होते हा समजही इथेच सोडून द्या. १.०५० ग्रॅव्हिटीच्या (पाण्याच्या १.००० च्या तुलनेतली घनता, साखर जास्त तितकी ती जास्त) २० लिटरमध्ये १५ टक्के साखरेचा २ किलो गर घातलात, तर ३०० ग्रॅम साखर आली खरी, पण तिच्याबरोबर दीड लिटरहून जास्त पाणीही आलं. सगळं मिसळून ग्रॅव्हिटी होते जेमतेम १.०५१. फळ जितकं पाणचट, तितकी बिअर उलट सौम्य होते आणि अंगाने पातळ. हे पातळपण आधीच धरून मूळ बिअर बेतावी लागते.

कधी घालायचं, यावर माझं मत पक्कं आहे: मुख्य आंबवण ओसरू लागल्यावर, म्हणजे ग्रॅव्हिटीची साधारण तीन चतुर्थांश घसरण झाल्यावर, त्याच फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात. पहिल्या दिवशी घातलं, तर जोरात निघणारा कार्बन डायऑक्साइड सुगंध स्वतःबरोबर एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झाकणावरची नळी) बाहेर नेतो. फर्मेंटरच्या खोलीत आंब्याचा घमघमाट सुटला असेल तर तो सगळा पेल्यातून वजा झालेला आहे. उकळत्या वॉर्टमध्ये घालणं तर सगळ्यात वाईट. सुगंध जातोच, शिवाय फळातलं पेक्टिन मोकळं होऊन बिअर कायमची गढूळ होते आणि ताज्या फळाऐवजी जॅमची चव येते. अगदी शेवटी, यीस्ट झोपी गेल्यावर घालण्यातही तोटा आहे. फळाबरोबर हवा आत जाते, आणि ती पटकन संपवायला जागं यीस्ट हवं. म्हणूनच दुसऱ्या भांड्यात सायफनने बिअर काढून त्यात फळ घालायची जुनी पद्धत मी सोडून दिली आहे. हवा लागण्याची एक संधी कमी.

प्रमाण फळागणिक बदलतं. रासबेरी लिटरमागे ६० ग्रॅमपासून बोलायला लागते आणि १२० ला पेला व्यापून टाकते. आंबट चेरी १२० ते २५०. आंबा, पीच, जर्दाळू यांना २०० ते ३०० द्या, त्याखाली ती नुसती हजेरी लावतात. तुमचे दोन्ही किलो मिळून लिटरमागे १०० ग्रॅम झाले, आणि त्यातले निम्मे पहिल्याच दिवशी वाया गेले. ब्लूबेरी रंग देते पण चवीला लाजाळू. कलिंगड आणि खरबूज यांच्या मागे लागू नका, असं मी स्पष्टच सांगतो. स्ट्रॉबेरी पहिले काही आठवडे सुंदर लागते, मग रंग फिका विटकरी होतो आणि वास उतरतो, म्हणून ती लवकर संपवायच्या बिअरसाठीच. लिंबूवर्गीय फळांचा रस घालू नका, साल घाला. सुगंधी तेल सालीच्या वरच्या रंगीत पापुद्र्यात असतं. खालचा पांढरा भाग कडू, तो अजिबात येता कामा नये. किसणीने हलक्या हाताने किसलेली साल लिटरमागे १ ते २ ग्रॅम पुरते.

अननस, पपई आणि किवी यांची एक वेगळी खोड आहे. त्यांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात आणि बिअरवरचा फेस प्रथिनांवरच उभा असतो. पपईतलं पपेन तर बिअर थंड केल्यावर गढूळ होऊ नये म्हणून कारखान्यांतही वापरलं गेलं आहे. कच्चा अननस घातलेल्या बिअरचा फेस ओतताक्षणी विरतो. ही फळं गरम करून घेतली तर एन्झाइम बरंचसं निष्क्रिय होतं. डबाबंद अननस आधीच गरम केलेला असतो, त्यामुळे ती अडचण येत नाही. चेरीच्या बिया अख्ख्या राहिल्या तर बदामासारखा हलका वास देतात आणि काहींना तो आवडतो, पण बिया फोडायच्या किंवा मिक्सरमध्ये फिरवायच्या नाहीत, कारण आतल्या गरापासून सायनाइड तयार होतं. जर्दाळू आणि पीचच्या बियांनाही हेच लागू.

स्वच्छतेबद्दल लोक दोन टोकांना असतात. फळ गोठवलं की निर्जंतुक झालं असं काही जण मानतात. ते खोटं आहे. गोठवल्याने पेशी फाटतात आणि रस सहज सुटतो, त्यासाठी अवश्य गोठवा, पण सालीवरचं रानटी यीस्ट आणि जिवाणू फ्रीजरमध्ये फक्त विश्रांती घेतात. दुसऱ्या टोकाचे लोक फळ खळखळून उकळतात आणि जॅम करून ठेवतात. मधला मार्ग असा: गर ६५ ते ७० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं धरा, झाकून गार करा आणि घाला. त्याहून सोपं म्हणजे निर्जंतुक पॅकमधली प्युरी. तिच्या वेष्टनावरची यादी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट असेल तर परत ठेवा, ते यीस्टला अडवण्यासाठीच घातलेलं असतं. साखर घातलेला गर असेल तर ती साखरही हिशेबात धरा. फळ घालायच्या वेळी बिअरमध्ये अल्कोहोल, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि आम्लता असतेच, त्यामुळे बिअर तुम्हाला वाटते तितकी नाजूक राहिलेली नसते.

फर्मेंटरमध्ये पुरेशी मोकळी जागा ठेवा. फळ पडलं की आंबवण दुसऱ्यांदा उसळते, तुकडे वर तरंगून थर धरतात आणि एअरलॉकच्या नळीत गराचा बोळा बसला की झाकण उडतं. छताला चिकटलेला आंबा खरवडायची हौस नसेल तर त्या आठवड्यापुरता एअरलॉक काढा, जाड नळी लावा आणि तिचं टोक सॅनिटायझर घातलेल्या पाण्याच्या भांड्यात सोडा. तुकडे घालत असाल तर उकळून घेतलेल्या मलमलच्या पिशवीत, आणि रोज फर्मेंटर हलक्याने गोल फिरवून वरचा थर ओला ठेवा, नाहीतर कोरड्या फळावर बुरशी येते. बियांच्या फळांना दोन आठवड्यांच्या पुढे बिअरमध्ये ठेवू नका, तुरटपणा उतरायला लागतो. आणि हो, गाळात दोन-तीन लिटर बिअर जाणार आहे, ती आधीच वजा करून मोजा. पेक्टिनेज एन्झाइम गराबरोबरच घातलं तर बिअर निवळते आणि रसही जास्त सुटतो. गव्हाच्या बिअरला गढूळपणा शोभतो, तिथे ते नाही घातलं तरी चालेल.

आता मघाचा पहिला प्रश्न: नेलेलं परत कसं आणायचं. गोडी आणि अंग यांची तजवीज मूळ बिअरमध्ये होते. धान्य गरम पाण्यात मुरवताना तापमान ६८ अंशांच्या आसपास ठेवा, म्हणजे यीस्टला न पचणारा भाग जास्त राहतो. थोडं क्रिस्टल माल्ट (कॅरामलसारखी गोडसर चव देणारं) घाला. साखर पार शेवटपर्यंत खाऊन टाकणारं यीस्ट निवडू नका. लॅक्टोज ही दुधातली साखर बिअरच्या यीस्टला पचत नाही, म्हणून लिटरमागे १० ते २० ग्रॅम घातली तर गोडवा टिकतो. मात्र दूध न पचणाऱ्या पाहुण्यांना आधी सांगा. व्हॅनिला स्वतः गोड नसूनही गोडीचा भास करून देते, पीच आणि आंब्याबरोबर ती गुपचूप काम करते. हॉप्सचा कडवटपणा १० ते २० आयबीयूच्या (कडवटपणा मोजायचं एकक) पुढे नको. कडू आणि आंबट एकमेकांच्या अंगावर येतात आणि मधल्या मधे फळ चेंगरतं.

आंबटपणा मात्र शेवटी, चाखून द्यायचा. हा भाग बहुतेक लोक गाळतात आणि मग फळ वाढवत बसतात. १० ग्रॅम सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करा. फळ मुरलेल्या बिअरचे १०० मिलिलिटरचे चार पेले भरा. पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात अर्धा मिलिलिटर द्रावण, तिसऱ्यात एक, चौथ्यात दीड. थेंब मोजायला बिनसुईची सिरिंज घ्या. ओळीने चाखा. पहिला पेला सपाट लागेल, कुठेतरी दुसऱ्या-तिसऱ्याशी आंबा एकदम पुढे येईल आणि चौथा बहुधा सरबत वाटेल. अर्ध्या मिलिलिटरला पसंती दिलीत तर लिटरमागे अर्धा ग्रॅम, २० लिटरला १० ग्रॅम आम्ल. एवढ्या चिमूटभर पुडीने जे होतं ते आणखी २ किलो गराने होत नाही. चेरी आणि पीचला सायट्रिकऐवजी मॅलिक आम्ल जास्त स्वाभाविक वाटतं, आणि लॅक्टिक आम्ल दह्याकडे झुकतं.

आंब्यासाठी आणखी एक आधार आहे आणि तो फळांच्या दुकानात मिळत नाही. सिट्रा आणि मोझेक या हॉप्सच्या वासात आंब्याची, उष्ण प्रदेशातल्या फळांची झाक असते. फळ आंबून झाल्यावर लिटरमागे २ ते ३ ग्रॅम सिट्रा तीन दिवस थंडच घातलं, तर सुगंधाचा रिकामा कोपरा भरून निघतो. शुद्धतावाद्यांना हे फसवणूक वाटतं. मला नाही वाटत. पिणाऱ्याला आंबा हवा असतो, तो कुठून आला याचा दाखला नको असतो.

मसाल्यांकडे वळतो, कारण तुमच्या बिअरचा खरा बिघाड तिथे झाला. दहा-बारा लवंगा २० लिटरला जास्त होत्याच, पण यीस्टनेही त्यात भर घातली. गव्हाच्या बिअरचं यीस्ट माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून फोर-व्हिनाइल ग्वायाकॉल नावाचं संयुग करतं, आणि त्याचा वास लवंगेचा असतो. त्याच यीस्टचं आयसोअमाइल अॅसिटेट केळ्याचा वास देतं. आंबवण थंड ठेवली तर सहसा लवंग पुढे येते, उबदार ठेवली तर केळं. म्हणजे जिथे एकही लवंग नसताना लवंग येणार होती तिथे तुम्ही डझनभर टाकल्या. पुढच्या वेळी मसाल्याची बिअर करताना स्वच्छ, निर्विकार एल यीस्ट (स्वतःचा वास फारसा न सोडणारं साध्या बिअरचं यीस्ट) घ्या. किंवा गव्हाचंच यीस्ट घ्या आणि लवंग पूर्ण वगळा. दोन्ही एकत्र नको.

मसाल्याचा स्वभाव फळाच्या उलट आहे. फळ कमी पडतं, मसाला जास्त होतो. फळाची चव यीस्ट खातं, मसाल्याला ते फारसा हात लावत नाही. घातलेलं काढता येत नाही, आणि वायू भरला की बुडबुडे वास नाकाशी आणून सोडतात, त्यामुळे सपाट बिअरमध्ये ठीक वाटलेला मसाला बाटलीत चढलेला लागतो. २० लिटरला माझी सुरुवातीची मापं अशी: धने १५ ते २५ ग्रॅम, जाडसर भरडलेले. दालचिनी ५ ते ८ ग्रॅम. लवंगा ३ ते ५, त्याहून एकही जास्त नाही. वेलदोडे ५-६, नुसते चेचून. जायफळ १ ते २ ग्रॅम, आयत्या वेळी किसून. चक्रफूल एक, फार तर दोन. ताजं आलं ३० ते ६० ग्रॅम. सुंठ घेणार असाल तर बरीच कमी, कारण आलं वाळताना जिंजेरॉलचं शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट असतं. आलं उकळत ठेवलं की मवाळ पडतं, म्हणून झणका हवा असेल तर उकळीच्या अगदी शेवटी. पूड कुठल्याही मसाल्याची वापरू नका. ती गाळातून निघत नाही आणि शेवटपर्यंत अर्क सोडत राहते.

धने, संत्र्याची साल आणि आलं मी उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घालतो. धन्यातलं लिनालूल हॉप्समध्येही असतं, म्हणून धने बिअरमध्ये परके वाटत नाहीत. बेल्जियमच्या होगार्डन गावात पियरे सेलिस यांनी बंद पडलेली पांढरी गव्हाची बिअर १९६० च्या दशकात पुन्हा सुरू केली, तिचा कणाच धने आणि संत्र्याची साल हा आहे. ती जोडी शिकायला उत्तम, कारण तिच्यात फसायला जागा कमी.

दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, चक्रफूल, व्हॅनिला ही मंडळी मात्र उकळीत घालूच नका. त्यांचा अर्क काढा आणि बाटल्या भरायच्या दिवशी मोजून द्या. पद्धत सोपी आहे. प्रत्येक मसाला वेगळ्या छोट्या बरणीत, वर तो बुडेल इतका व्होडका, घट्ट झाकण, रोज एकदा हलवायचं. लवंग दोन दिवसांतच तयार होते, दालचिनी चार-पाच, व्हॅनिला दोन आठवडे. मग कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळा. लवंगेचा अर्क गर्द तपकिरी होतो आणि त्याचा एक थेंब बोटावर घेतला तर जीभ बधिर होते. १० लिटर असो की २०, या द्रवावर हुकूमत असेल तरच बिअर तुमची.

मग पुन्हा १०० मिलिलिटरचे पेले. पिताना जितकी गार असेल तितकीच गार बिअर घ्या, शक्य असेल तर थोडा सोडा मिसळून फसफस आणा. दालचिनीच्या अर्काने सुरुवात करा, सिरिंजने ०.१ मिलिलिटरच्या पायरीने वर जा आणि प्रत्येक वेळी बिअर आधी ओळखू येते की मसाला, हे स्वतःला विचारा. मसाला आधी आला की एक पायरी मागे. समजा ०.३ वर थांबलात, तर लिटरमागे ३, २० लिटरला ६० मिलिलिटर. त्यातले आधी ४५ च घाला, हलक्याने ढवळा, पुन्हा चाखा. चाखून चाखून जीभ मसाल्याला सरावते, म्हणून शेवटचा निर्णय घरातल्या अशा माणसाला द्या ज्याने सकाळपासून यातलं काहीच चाखलेलं नाही. ६० मिलिलिटर व्होडकाने २० लिटरमध्ये अल्कोहोल ०.१२ टक्के वाढतं, त्याची चिंता नको.

कुठल्या बिअरवर काय? हलक्या गव्हाच्या किंवा फिक्या बिअरवर फळं आणि धने-साल. तांबूस, भाजलेल्या माल्टच्या बिअरवर दालचिनी, जायफळ, आलं, कारण तिथल्या कॅरामलला ते ओळखीचे वाटतात. काळ्या स्टाउटवर आंबट चेरी, रासबेरी, व्हॅनिला. अमेरिकेतल्या शरद ऋतूतल्या भोपळ्याच्या बिअर चाखल्यात तर कळेल की भोपळा तिथे नावापुरता असतो. तो स्वतः बेचव, चव सगळी दालचिनी-जायफळ-लवंग-आल्याची आणि माल्टची. मोसमाची आठवण मसाला करून देतो, भाजी नाही. तेव्हा तुम्हाला मोसमी बिअर हवी असेल तर आंब्याला त्यात ओढू नका. आंबा आणि पाच मसाले एका पेल्यात कोंबले की दोघांचंही नुकसान होतं. आंब्याबरोबर एकच सोबती घ्या, वेलदोडा किंवा आलं.

म्हणून पुढच्या खेपेला मी असं करेन: १० लिटरच्या दोन बिअर. पहिली फिकी गव्हाची, १.०५०, हॉप्स १२ ते १५ आयबीयू, निर्विकार यीस्ट. ग्रॅव्हिटी १.०२० च्या खाली आली की अडीच किलो आंब्याची प्युरी. दहा दिवस, मग सिट्रा २५ ग्रॅम, तीन दिवसांनी दोन दिवस थंडीत, मग आम्लाची चाचणी आणि वेलदोड्याचा अर्क. दुसरी तांबूस, १.०६०, तिच्यात फळ नाही, फक्त दालचिनी, आलं आणि जायफळ. लवंगेचा अर्क बरणीत तयार ठेवा, पण हात तिकडे शेवटी जाऊ द्या.

बाटल्या भरण्याआधी ग्रॅव्हिटी सलग तीन दिवस हलता कामा नये. ती मोजायला बिअरमध्ये तरंगणारा हायड्रोमीटरच वापरा. अल्कोहोल असलेल्या बिअरमध्ये रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) थेट वाचला तर फसवतो, आणि गराचे कण असतील तर नमुना आधी गाळून घ्या. भरवसा वाटत नसेल तर फळ घातल्यावर लगेच पाव लिटर बिअर स्वच्छ बाटलीत काढा, त्यात चिमूटभर जास्तीचं कोरडं यीस्ट टाका, तोंडावर नुसता फॉइल ठेवा आणि उबदार जागी चार दिवस ठेवा. ती जिथे थांबेल तिथेच मोठा फर्मेंटर थांबणार आहे. तिथे पोचेपर्यंत बाटलीला हात लावू नका. ग्रॅव्हिटीचा दीड अंक (म्हणजे ०.००१५) उरला तरी बाटलीत जवळपास १ व्हॉल्यूम वाढतो. घरी बिअर करण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, तुमच्याकडचे माहीत नसतील तर ते आधी पाहून घ्या.

आंब्याची बिअर पहिल्या दोन महिन्यांत संपवा, फ्रिजमध्येच ठेवा. तांबूस मसाल्याची बिअर महिनाभर तरी उघडू नका. पहिल्या आठवड्यात दालचिनी वेगळी उभी असते, नंतर ती माल्टमध्ये मुरते. आत्ताच्या लवंगी बाटल्यांपैकी ज्या सुखरूप गार होतील त्या तीन-चार महिने फ्रिजमध्ये राहू द्या आणि मग साध्या गव्हाच्या बिअरमध्ये पेल्यातच एकास तीन मिसळून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यावर ती पिण्याजोगी होते.